सांगायला वकिलाला पाठवा

सर्जरीच्या त्या युनिटात सगळे त्याला वकील म्हणत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हा तर कोर्टाच्या रस्त्यानेही कधी गेला नव्हता. पण पेशंट दगावला की नातेवाइकांपुढे उभं राहून सांगायचं काम त्याचं, म्हणून वकील. सर्जरीच्या शिक्षणाचं हे त्याचं शेवटचं वर्ष. वय तिशी ओलांडलेलं, कानांवरचे केस पांढरे व्हायला लागलेले, आणि हाताने कापण्यापेक्षा तोंडाने सांगण्यात लौकिक मोठा. सर्जनला याहून वाईट लौकिक मिळू शकत नाही, पण हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

सुरुवात झाली ती पहिल्या वर्षी, आणि त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर एक पेशंट गेला होता. त्याचा भाऊ आणि भावाचे दोस्त वॉर्डात शिरले, दाराची काच फुटली, आणि झाडून सगळे डॉक्टर ड्रेसिंगच्या खोलीत पळाले आणि आतून कडी लावून बसले. वकील तेव्हा रक्तपेढीतून रक्ताची पिशवी घेऊन येत होता. कडी लागली तेव्हा तो चुकीच्या बाजूला राहिला, एवढंच. पळायला जागा नव्हती म्हणून तो त्या भावाकडे गेला, त्याला खाली बसवलं, स्वतः त्याच्याशेजारी फरशीवर बसला आणि आता कुणालाच नको असलेली ती पिशवी मांडीवर ठेवून त्याने सगळं सांगितलं. काय झालं, काय केलं, कशाचा उपयोग झाला नाही. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. आधी भाऊ रडला, मग दोस्त रडले. बऱ्याच वेळाने कडी उघडून मंडळी बाहेर आली, तर काच फोडणारा माणूस वकिलाच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता.

ही विद्या त्याच्या घरचीच. वडील बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरीला होते. गाडी उशिरा आहे, गाडी रद्द आहे, गाडी आत्ताच गेली, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणायचे, "गाडी नाही हे माणसाच्या तोंडाकडे बघून सांगावं. घड्याळाकडे बघून सांगितलं की तो भांडतो." पोराने ते चांगलं ध्यानात ठेवलं.

युनिटची मोठी सोय झाली. मोठे सर, म्हणजे युनिटचे प्रमुख, हाताने देव आणि जिभेने धोंडा. कुणाच्या आईबापाला "संपलं" एवढा एक शब्द सांगून ते चहाला निघून जायचे आणि मागे हलकल्लोळ व्हायचा. त्यांनी फर्मान काढलं, "सांगायला वकिलाला पाठवा." मग पेशंट कुणाचाही असो, चूक कुणाचीही असो, बाहेर जाणार हा. पुढे पुढे तर हात धुऊन, गाऊन चढवून तो टेबलाशी उभा राहिलेला असायचा आणि दारातून सिस्टर डोकं आत घालायची, "वकीलसाहेब, बाहेर बोलवलंय." हातमोजे काढायचे आणि निघायचं. परत येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा कुणी उभा असायचा, आणि पोटाच्या आतलं जे शिकायचं ते तो दुसरा शिकलेला असायचा.

हात बसायचा तर हात घालावा लागतो. सर्जरी पुस्तकातून येत नाही, आणि बघून अर्धीच येते. वकिलाच्याच वर्षाला दुसरा एक डॉक्टर होता, त्याला सगळे शिंपी म्हणत. शिंप्याच्या बोलण्याचा आनंदच होता. चहात साखर कमी आहे हे सांगायलाही तो कप नुसता पुढे सरकवायचा. पण टाका असा घालायचा की सर मान पुढे काढून बघत राहायचे. शेवटच्या वर्षापर्यंत शिंप्याने आतडी जोडली, पित्ताशयं काढली, फुटलेली जठरं शिवली. वकिलाच्या वाट्याला अपेंडिक्स, हर्निया आणि गळवं. उरलेला वेळ पोटाची कड ताणून धरायचा आकडा हातात घेऊन उभं राहायचं, नाहीतर बाहेर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

खोटं कशाला बोला, पहिली दोन वर्षं त्याला हे आवडत होतं. मेलेल्या माणसाच्या घरचे जाताना हात जोडतात, देवमाणूस म्हणतात, याची एक नशा असते आणि ती चांगली नसते. कुठे थांबायचं, कोणता शब्द आधी घ्यायचा, "शक्य होतं ते सगळं केलं" हे केव्हा म्हणायचं, हे त्याने घासूनपुसून ठेवलेलं होतं. नवीन पोरं दाराआडून ऐकायला उभी राहायची. मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉय, आपापसात म्हणायचे की हा माणूस यमालासुद्धा समजावून परत पाठवील. समजावून परत पाठवलेला एकही पेशंट कुणाला आठवत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्याची बायको शाळेत शिकवायची. मागल्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात बाळ पडलं. वकील ड्यूटीवरून धावत आला, स्टूल ओढून तिच्याजवळ बसला, तिचा हात हातात घेतला, थोडा थांबला, आणि खालच्या आवाजात बोलायला लागला. असं होतं, यात कुणाची चूक नसते, शक्य होतं ते सगळं केलं. ती ऐकत होती. मग तिने हात सोडवून घेतला.

"माझ्याशी त्या आवाजात बोलू नकोस," ती म्हणाली. "मी तुझ्या वॉर्डातली नातेवाईक नाहीये."

त्यानंतर तो घरात कमी बोलायला लागला. तोंड उघडलं की तोच आवाज निघेल अशी त्याला भीती वाटायची. ते बाळ त्याचंही होतं आणि त्याला रडायचं होतं, पण रडणाऱ्यांच्या बाजूला कसं बसायचं एवढंच त्याला येत होतं.

शेवटचं वर्ष अर्धं सरलं तेव्हा त्याला खरी काळजी लागली. परीक्षेनंतर कुठे जायचं ते ठरलं होतं. एका लहान गावचा दवाखाना, तिथे सर्जन एकच. आत कापणारा तोच आणि बाहेर येऊन सांगणाराही तोच. उद्या कुणी आतडं फाटलेला माणूस आणून टेबलावर ठेवला तर त्याला शिवायचं कुणी? बोलून तर आतडं जुळत नाही. या विचाराने त्याची पाचावर धारण बसायची. वॉर्डातल्या वॉर्डात तो दोऱ्याचा तुकडा घेऊन खुर्चीच्या दांडीला गाठी मारत बसायचा आणि कुणी आलं की खिशात घालायचा.

शेवटी त्याने सरांना गाठलं. सर त्यांच्या खोलीत चहा फुंकत बसले होते.

"सर, मला एक मोठी केस द्या. आतड्याची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच करतो."

"हात काय रे, बसेल नंतर," सर म्हणाले. "जीभ अशी कुणाची नाही."

"जिभेने टाके घालता येत नाहीत, सर."

सरांनी कप खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत आपण याला काय शिकवलं, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला असावा. "बरं," ते म्हणाले. "पुढची तुझी. पण मधे बाहेर जायचं नाही. कुणी मेलं तरी शिंपी जाईल."

पुढची केस म्हणजे एक लिफ्टचा मेकॅनिक होता. पन्नाशीचा, काटक, मोठ्या आतड्यात गाठ. गाठ वेळेवर सापडली होती. तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली की माणूस पुढची वीस वर्षं लिफ्टमध्ये लोंबकळायला मोकळा. वॉर्डात आल्या आल्या त्याने वकिलाला ऐकवलं, "डॉक्टर, तुमची ती मागची लिफ्ट मजल्याच्या खालीच थांबते. ती तेवढी माझ्या हातात द्या, मग मी तुमच्या हातात येतो." त्याची बायको लाँड्रीत इस्त्री करायची. बाई मोजकं बोलणारी. तिने एकच विचारलं, "करणार कोण?"

"मी."

"हाताखालच्यांकडे देऊन जाणार नाही ना?"

"मी स्वतः करणार, ताई," वकील म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला जो आनंद झाला तो खरा होता.

ऑपरेशनचा सकाळचा भाग चांगला झाला. सर शेजारच्या टेबलावर होते, अधूनमधून डोकावून जात होते. समोर दुसऱ्या वर्षाची एक डॉक्टर मुलगी मदतीला उभी होती. वकिलाने गाठ मोकळी केली, तुकडा काढला, दोन्ही टोकं जवळ आणली. मागच्या बाजूचे टाके अवघड, ते त्याने घातले. हळू घातले, पण घातले. सर बघून म्हणाले, "छान." या एका शब्दावर माणूस जगतो.

पुढच्या बाजूला आल्यावर हात कापायला लागला. का, ते त्यालाही कळलं नाही. एक टाका ओढताना आतड्याची कड फाटली. तो काढून दुसरा घातला, तोही नीट बसला नाही. मास्कच्या आत घाम उतरत होता. मुलीने ते पाहिलं होतं. नेमकी तेव्हाच दारातून सिस्टरने डोकं आत घातलं. काल अपघातात जखमी होऊन आलेला एक तरुण मुलगा गेला होता. बाप बाहेर भिंतीवर डोकं आपटत होता, काका लोक स्ट्रेचर उलटत होते.

"शिंप्याला पाठवा," सर आपल्या टेबलावरूनच म्हणाले.

शिंपी दारात आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो म्हणाला, "जातो मी. तू कर."

"तुला नाही जमणार," वकील म्हणाला. आणि त्याने सुईचा चिमटा समोरच्या मुलीच्या हातात दिला. "पुढचे तू घाल. मी आलोच."

त्याला कुणी पाठवलं नव्हतं. जाऊ नकोस असंच सांगितलेलं होतं. तरी तो गेला. आपण त्या बापासाठी गेलो असं त्याने मनाला सांगितलं, आणि त्यात थोडंफार तथ्यही होतं. पण खरं असं होतं की आत त्याचा हात कापत होता आणि बाहेर त्याला सगळं येत होतं. बुडणारा माणूस काठाकडे जातो, तसा तो दाराकडे गेला.

बाहेर त्याने त्या बापाला भिंतीपासून ओढून खाली बसवलं, शेजारी बसला आणि सांगितलं. इतकं चांगलं त्याने कधीच सांगितलं नव्हतं. वेळ लागला, पण बाप शांत झाला, काका लोकांनी स्ट्रेचर सरळ केलं. वकील हात धुऊन परत आला तेव्हा जोड पूर्ण झाला होता आणि मुलगी पोट बंद करत होती. "बघायचंय का, सर?" तिने विचारलं. म्हणजे टाके काढून पोट परत उघडू का? त्याने आत पाहायला हवं होतं. "ठीक असेल," तो म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं. पुढे जे झालं त्यापेक्षाही त्याला या सुटल्यासारखं वाटण्याची लाज जास्त वाटायची.

आतड्याचा जोड सुटायचा तर चार-पाच दिवसांनी सुटतो. मेकॅनिकला ताप आला, पोट ताणलं. बायकोने विचारलं, "हे असं का?" वकिलाने तिला बसवलं आणि सांगितलं की मोठ्या ऑपरेशननंतर ताप येतो, आतडं जागं व्हायला वेळ घेतं. बोलणं इतकं समजुतीचं होतं की तिला पटलं, आणि दुसऱ्याला पटवता पटवता त्याने स्वतःलाही पटवलं. यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पोटावर हात ठेवला आणि वकिलाकडे न बघताच म्हणाले, "थिएटरला घ्या. शिंप्याला बोलवा."

शिंप्याने पोट उघडलं. आत सगळी घाण पसरली होती. धुऊन काढल्यावर भोक दिसलं, पुढच्या बाजूला, कोपऱ्यात. मागची बाजू शाबूत होती. शिंप्याने मागची बाजू पाहिली, पुढची पाहिली, वकिलाकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागला. थिएटरबाहेर दुसऱ्या वर्षाची मुलगी उभी होती. रडून तिचे डोळे लाल झाले होते. "सर, माझे टाके होते का?"

"नाही," वकील म्हणाला. "माझे." या सगळ्या प्रकरणात त्याने केलेली चांगली गोष्ट एवढीच.

मेकॅनिक त्यानंतर शुद्धीवर असा आलाच नाही. नळ्या वाढत गेल्या, लघवी बंद झाली, आणि एका दुपारी, भेटायच्या वेळेच्या जरा आधी, तो गेला. सर आयसीयूच्या दारात वकिलाला भेटले. त्यांनी त्याच्या दंडाला धरलं. असं ते कधी करत नसत.

"नेहमीचं सांग," ते म्हणाले. "जोड सुटतो कधी कधी. कुणाच्याही हातून सुटतो. खोटं नाहीये ते."

खोटं नव्हतंच. चांगल्यातल्या चांगल्या सर्जनचे जोड सुटतात. शिंप्याचाही एकदा सुटला होता, आणि तेव्हा बाहेर जाऊन हेच वाक्य वकिलाने सांगितलं होतं. परीक्षा तोंडावर होती. मदतीला उभ्या राहिलेल्या त्या मुलीचंही वर्ष पणाला लागलं असतं. त्या वाक्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बाई बाकावर बसली होती. लाँड्रीतून तशीच आली होती, बोटांना चटक्याचे डाग. वकील तिच्या शेजारी बसला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं. ती ओरडली नाही. तिने पदराने तोंड दाबलं. मग त्याने ते जोडाचं वाक्य सांगितलं. तिने मान हलवली.

"तुम्ही स्वतः केलंत म्हणून मला घोर नव्हता," ती म्हणाली. "नाहीतर मनात राहिलं असतं, की कुणाच्या हाती दिलं." आणि तिने हात जोडले.

आजवर जोडलेले कितीतरी हात त्याने पाहिले होते, मुकाट्याने घेतलेही होते. हे त्याला घेववेनात.

"ताई, थांबा," तो म्हणाला. "शेवटचे टाके मी घातले नाहीत. भोक तिथेच पडलं."

तिचे हात तसेच राहिले. "मग तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर आलो होतो. इथेच."

"कशाला?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. नेहमीचा आवाज शोधायला गेला तर तो सापडेना. "एक मुलगा गेला होता, अपघातातला," तो अडखळत म्हणाला. "त्याचा बाप डोकं आपटून घेत होता. त्याला सांगायला आलो."

ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादी गोष्ट समजत नसली की माणूस बघतो तसं.

"तो मुलगा गेलेला होता ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्याच्याकडे जायची एवढी काय घाई होती?" ती म्हणाली. "माझा तर जिवंत होता."

वकिलाला माफी मागायची होती, पण त्या शब्दाचा तिला काय उपयोग होता. समोरून मामा रिकामी ट्रॉली ढकलत गेला. बाईने डोळे पुसले, पदर नीट केला आणि उठून उभी राहिली, कारण दिराला फोन करायचा होता आणि घरी मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती.

"बॉडी केव्हा देता?" तिने विचारलं.

ते त्याने सांगितलं. कुठल्या खिडकीवर जायचं, कुणाला भेटायचं, किती वेळ लागेल. तेवढं त्याला नीट सांगता आलं.